नंदेश्वर साहेबांचे प्रमुख पाहुणे

वैशाखाच्या उन्हात काळा गरम कोट घालून उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते दौलतराव नंदेश्वर. भरवेलीच्या मँगनीज खाणीत ते हजेरीबाबू होते, म्हणजे सकाळी फाटकापाशी टेबल टाकून कोण आला आणि कोण आला नाही हे लिहिण्याचे त्यांचे काम. पण आमच्या मोहल्ल्यात त्यांना 'साहेब' म्हणावे लागे. 'बाबू' म्हटले तर त्यांना ऐकू येत नसे. 'भाऊ' म्हटले तर ते चष्म्यावरून बघत. 'साहेब' म्हटले की लगेच वळून "हं, बोला" म्हणत. कानांवर एवढा ताबा मी दुसऱ्या कोणाचा पाहिलेला नाही.

मी तेव्हा बालाघाटला मुलींच्या शाळेत शिकवीत होते. शाळेच्या मागेच आमचा मोहल्ला. भंडारा, तुमसर, गोंदियाकडून आलेली आमची माणसे. पुरुष बहुतेक खाणीत, बायाही निम्म्याशिम्म्या खाणीत. नागपूरला जाऊन सगळ्यांनी दीक्षा घेतली, जुने सण सोडले, आणि वैशाख पौर्णिमा हा आमचा मोठा सण झाला. सकाळी वंदना, मग बैलबंडीवर बुद्धाची मूर्ती ठेवून मिरवणूक, मग सगळ्यांना खीर. कामे एवढीच. या कामांना एक यादी, चार धड माणसे आणि एक सकाळ पुरते. नंदेश्वर साहेब उत्सव समितीचे अध्यक्ष असल्यामुळे आम्हाला महिना लागे.

त्यांना अध्यक्ष कोणी केले हे मला शेवटपर्यंत सापडले नाही. समितीची चिटणीस मी होते, सगळी इतिवृत्ते माझ्या हातची, त्यांत तशी नोंद नाही. पहिल्या बैठकीला एकच खुर्ची होती आणि ते तिच्यावर बसले होते, एवढे मला आठवते.

त्यांचा आवडता शब्द 'दर्जा' आणि आवडते गाव नागपूर. "कार्यक्रमाले एक दर्जा पाह्यजे, बाई. आमी नागपूरले होतो तवा पाह्यलं ना! एकेका चौकात कमान. एकेका कमानीले पाहुणा. माणसावर माणूस. अन् इथं? चार बुढ्या अन् एक बंडी." हे ते प्रत्येक बैठकीत सांगत. 'आमी नागपूरले होतो तवा' असे ते म्हणाले की ऐकणाऱ्याला वाटे, अर्धे आयुष्य तिकडे काढून, नाइलाजाने, केवळ आमच्या उद्धारासाठी हा माणूस सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन राहिला आहे. त्यांच्या बायकोने एकदा तांदूळ निवडता निवडता मला खरे काय ते सांगितले. ती बिचारी साधी होती, तिला ते लपवण्यासारखे वाटले नाही. "आठ महिने होतो, बाई. ह्यायचा पाय मोडला होता तं माह्या भावाच्या घरी पडून होते. जुलूस खिडकीतून दिसे. भल्ला मोठा जुलूस." आणि तिने पुन्हा खडे वेचायला सुरुवात केली.

खिडकीतून पाहिलेले ते शहर त्यांनी आमच्या गल्लीत बसवायला घेतले, आणि त्याचा त्रास सगळा आम्हाला झाला.

पहिल्या वर्षी कमान. नागपूरला कमानी असतात म्हणून आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबूची कमान उभी राहिली. तिचे दोन्ही खांब त्यांनी स्वतः दोरी धरून आखले. पाहुण्यांची जीप आत यावी एवढी रुंदी त्यांना हवी होती. जीप कोणाची, पाहुणे कोण, हे ठरलेले नव्हते. रुंदी ठरली होती. डावा खांब नेमका नळाच्या पुढ्यात आला. मोहल्ल्याला नळ तो एकच. दोन दिवस बायांना घागर आडवी धरून, अंग चोरून, खांब आणि भिंत यांच्या मधून नळाशी जावे लागले.

धुरपतामाय घागर घेऊन आली आणि खांबापाशी उभी राहिली. ही धुरपता खाणीत मँगनीजचे दगड फोडायची. विधवा, साठीच्या आसपासची, उंच. हात कोपरापर्यंत कायमचे काळपट.

"साहेब, हे दार कोनासाठी होय?"

"पाहुण्यायसाठी."

"अन् पानी कोनासाठी?"

"मोठ्या शहरात असंच असते, धुरपताबाई."

"तती नळ घरात असन. मंग दार नळापुढं लावा का छातीवर लावा."

बाया हसल्या. साहेबांनी चष्मा पुसला. खांब हलला नाही. जीप अर्थातच आली नाही. कमानीतून त्या वर्षी जे सर्वांत मोठे वाहन गेले ते तेंदूपानांच्या मुनशीची सायकल.

पुढच्या वर्षी लाउडस्पीकर. बॅटरीवर चालणारा, गोंदियाहून मागवलेला. पहाटे पाचला साहेब त्याच्यापुढे उभे राहिले आणि "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन" सुरू झाले. तीनच्या पुढे काय म्हणावे हे न सुचल्यामुळे त्यांनी समितीची नावे वाचली. पहिले नाव स्वतःचे. मग पोटसमित्यांची, त्यांतही पहिले नाव स्वतःचे. मग सूचना: मुलांनी गोंधळ करू नये, बायांनी एका बाजूला बसावे, कोणी खोकू नये. भंतेजी येऊन आसनावर बसले, त्यांनी हात जोडले, तोंड उघडले, आणि लाउडस्पीकरने घुर्र करून मान टाकली. बॅटरी साहेबांच्या नावांवर संपली होती. मग म्हाताऱ्यांनी आपल्या आवाजात वंदना म्हटली, पाली शब्द आपापल्या सोयीने फिरवून, आणि ती मागच्या रांगेपर्यंत नीट ऐकू आली. साहेब मात्र पूर्ण वेळ त्या यंत्राच्या पोटात बोटे घालून बसले होते.

पण कमान आणि लाउडस्पीकर ही लहान दुखणी. त्यांचा खरा आजार प्रमुख पाहुणे हा होता. फाल्गुन लागला की ते पोस्टकार्डे लिहायला बसत. नागपूरचे वकील, प्राध्यापक, पुढारी, वर्तमानपत्रात नाव दिसेल तो माणूस. उत्तर येत नसे. उत्तर न येण्याचा अर्थ ते असा लावीत: "नाई म्हटलं का त्यायनं? नाई म्हटलं. मंग?" आणि पत्रकात छापत, 'नागपूरचे सुप्रसिद्ध वक्ते'. पौर्णिमेच्या सकाळी सुप्रसिद्ध वक्ते नसत. मग मूर्तीला पहिला हार कोण घालणार? कारण साहेबांचा नियम असा की प्रमुख पाहुण्याने हार घातल्याशिवाय मिरवणूक हलायची नाही. मूर्ती घरची, बैल घरचे, माणसे घरची, पण मुहूर्त परक्याचा.

एका वर्षी नऊ वाजेपर्यंत कोणी मिळेना. तेवढ्यात जनावरांचे डॉक्टर सायकलवरून चालले होते, कोणाची तरी म्हैस तपासायला. साहेबांनी त्यांची सायकल धरली. डॉक्टर ब्राह्मण की कोष्टी की आणखी कोण, बुद्धाबद्दल त्यांना काय माहीत, हे विचारायला वेळ नव्हता. खुर्चीवर बसवले, गळ्यात हार घातला आणि "आमच्या विनंतीले मान देऊन मुद्दाम आलेले" अशी ओळख करून दिली. डॉक्टर सज्जन होते. हातात इंजेक्शनची पेटी धरून उभे राहिले, घाम पुसला आणि पावसाळ्याआधी जनावरांना घटसर्पाची लस का टोचून घ्यावी यावर हिंदीत दहा मिनिटे बोलले. आमच्या उत्सवात झालेल्या सगळ्या भाषणांत उपयोगाचे भाषण मला ते एकच वाटते. त्या वर्षी मोहल्ल्यातली एकही म्हैस दगावली नाही. साहेबांनी मला इतिवृत्तात 'पशुसंवर्धन क्षेत्रातील थोर विचारवंत' असे लिहायला सांगितले. मी 'जनावरांचे डॉक्टर' लिहिले.

हे सगळे हसण्यावारी गेले असते. मेन रोडचे प्रकरण तसे गेले नसते, म्हणून ते नीट सांगते.

आमची मिरवणूक तोवर मोहल्ल्याच्या गल्ल्यांतून फिरून परत येई. मेन रोडला जात नसे. तिथे मालगुजारांची, म्हणजे गावच्या जुन्या जमीनदारांची, कोठी होती, आणि तिच्यापुढून आमची माणसे पिढ्यान्‌पिढ्या पायातले काढून, काखेत धरून जात आली होती. मालगुजारी गेली, कायदे झाले, पायताणे पायांत आली, तरी चालणे रस्त्याच्या कडेने. धुरपतामायचा नवरा तर मरेपर्यंत चपला काढूनच गेला. ती सांगायची, "त्याले म्या लय समजावलं, आता कोनी काही म्हनत नाई. तो म्हने, मले समजते, पायाले नाई समजत." आणि मग म्हणायची, "मले एक डाव त्या रस्त्याच्या मधातून जायाचं हाये, बाई. बंडीच्या पुढं, निशान घेऊन. मंग मेली तरी चालन."

तिच्या या म्हणण्यावरून अर्ज झाला. लिहिला मी, पहिला अंगठा तिचा. ठाण्यात आम्ही दोघी तीन खेपा गेलो. तीन खेपांना तिची तीन दिवसांची हजेरी बुडाली, आणि हजेरीबाबू नंदेश्वर साहेबांनी, म्हणजे आमच्याच अध्यक्षांनी, तिच्या नावापुढे तीनदा 'गैरहजर' लिहिले. मी विचारले तेव्हा म्हणाले, "नियम म्हंजे नियम, बाई. खाणीले दर्जा हाये."

तिसऱ्या खेपेला परवानगीचा कागद मिळाला. ठाणेदार माणूस वाईट नव्हता, पण स्पष्ट बोलणारा. "ग्यारह बजे तक. उसके बाद बाज़ार की गाड़ियाँ लगती हैं. ग्यारह मतलब ग्यारह, बहनजी. इस बार टाइम से निकल गए तो हर साल मिलेगा. नहीं निकले, तो फिर अर्ज़ी लेकर मत आना."

धुरपतामायने तो कागद पदराच्या टोकात बांधला. संध्याकाळी साहेबांनी तो मागून घेतला. "असा कागद अध्यक्षाजवळ असला पाह्यजे." तो कोटाच्या आतल्या खिशात गेला. त्याच खिशात आणखी एक कागद होता, आणि साहेबांच्या दृष्टीने महत्त्वाचा तो होता. त्या वर्षी, एवढ्या वर्षांत प्रथमच, नागपूरच्या एका वक्त्याचे उत्तर आले होते. पोस्टकार्डावर एकच ओळ: 'जमल्यास सकाळच्या गाडीने येईन.' साहेब ते सगळ्यांना दाखवीत, अंगठा 'जमल्यास' वर ठेवून.

माझी यादी तयार होती. सहाला वंदना, सातला रांगा, साडेसातला बंडी हलेल, आठला मेन रोड, साडेनऊला परत, दहाला खीर. दुधाची खीर वैशाखात किती वेळ टिकते हे मला ठाऊक होते, म्हणून पातेली ओल्या पोत्यांत गुंडाळून सावलीला ठेवली होती. म्हाताऱ्यांना पदरात कांदा बांधायला सांगितले होते. पाण्याचे माठ मेन रोडवर तीन ठिकाणी आदल्या दिवशीच ठेवून आले होते. सातला खाणीकडच्या बाया पांढरी लुगडी नेसून आल्या. धुरपतामायच्या पायांत टायरच्या नव्या चपला होत्या, हातात पंचशील निशाण. सगळे वेळेवर झाले.

सकाळची छोट्या लाइनची गाडी आली आणि गेली. पाहुणे तिच्यात नव्हते.

"दुसरी हाये साडेदहाची," साहेब म्हणाले. "थांबू."

"साहेब, अकराची परवानगी आहे."

"पाहुणे येऊन राह्यले, बाई. लेखी हाये. त्यायच्या मागून आपुन निघालो तं लोक काय म्हनतील? शहरातला माणूस. कार्यक्रमाले दर्जा नाई म्हनन."

आठ वाजले. साडेआठ वाजले. सावली लिंबाच्या बुंध्याकडे सरकू लागली आणि तिच्यामागे माणसे सरकू लागली. बैल शेपट्या मारत उभे. बंडीवर मूर्ती, तिच्या अंगावर एक फूलही नाही, कारण पहिला हार पाहुण्याचा. धुरपतामाय दोनदा येऊन विचारून गेली. "काहून थांबलो आपुन?" आणि मी दोनदा तेच सांगितले. दुसऱ्या वेळी ती नुसते "हौ" म्हणाली आणि उन्हातच निशाणाची काठी धरून उभी राहिली. सावलीत ये म्हटले तर येईना.

नऊला मी यादी घेऊन साहेबांपुढे गेले. त्यांनी ती हातातही घेतली नाही. "बाई, यादी शाळेत. इथं अध्यक्ष हाये." मग हार केळीच्या पानात गुंडाळून ते स्वतः स्टेशनवर निघाले आणि जाताना गाडीवान सीतारामला म्हणाले, "माह्या शब्दाशिवाय बंडी हलली नाई पाह्यजे."

दहा वाजता मेन रोडच्या तोंडाशी उभा असलेला शिपाई मोहल्ल्यात आला. "निकलना है कि नहीं? कागज़ दिखाओ, तभी छोड़ूँगा."

धुरपतामायने माझ्याकडे पाहिले. "कागद कुठी हाये?"

"साहेबांच्या कोटात."

"अन् कोट?"

"स्टेशनवर."

तिने निशाण खांद्याला लावले. "मंग चाला स्टेशनवर."

"मावशी, साहेबानं सांगतलं, बंडी हलवू नको," सीताराम म्हणाला.

"सीताराम, बैल कोनाचे?"

"माहे."

"मंग हाक ना. का त्यायची बी हजेरी लागते?"

बंडी हलली. हार नाही, पाहुणा नाही, बुद्धं सरणं गच्छामि म्हणत सगळा मोहल्ला स्टेशनच्या रस्त्याला लागला. माझ्या यादीत हा रस्ता नव्हता.

स्टेशनच्या फाटकातून साहेबांनी आम्हाला येताना पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. तसा उजळलेला मी पूर्वी पाहिला नव्हता. त्यांना वाटले, आम्ही पाहुण्यांच्या स्वागताला आलो. "वा, वा! असं पाह्यजे! याले म्हनते दर्जा!" ते ओरडले. "बाया इकडून, माणसं तिकडून!" तेवढ्यात गाडी आली. साहेब धावत पहिल्या वर्गाच्या डब्यापुढे गेले आणि दोन्ही हातांत हार पसरून दाराशी उभे राहिले. दारातून एक तेंदूपानांचा ठेकेदार उतरला आणि हार बघून दचकला. शेजारच्या डब्यातून एक बाई टोपलीत कोंबड्या घेऊन उतरली. साहेब हार तसाच धरून पुढच्या डब्याकडे सरकले, मग त्याच्या पुढच्या.

धुरपतामाय त्यांच्यासमोर गेली, त्यांच्या कोटाच्या आत हात घातला आणि खिशातले दोन्ही कागद काढले. हार धरलेला असल्यामुळे त्यांना हात खाली घेता येईना.

"अवो, अवो! काय करून राह्यल्या?"

तिला वाचता येत नव्हते. तिने दोन्ही कागद माझ्यापुढे धरले. "बाई, यातला कोनता?"

मी परवानगीचा कागद घेतला आणि पोस्टकार्ड त्यांच्या खिशात परत ठेवले. ज्याचे त्याला दिलेले बरे.

"आखरीचा डबा राह्यला ना अजून!" साहेब म्हणाले. "दोन मिनिटं थांबा. धुरपताबाई! बाई! मी अध्यक्ष हाये!"

"तुमी पाहा डबा," धुरपतामाय म्हणाली. "आमी जातो."

स्टेशनच्या घड्याळात दहा अडतीस झाले होते. माझ्या जन्मात मी एवढ्या वेगाने चाललेली मिरवणूक पाहिली नाही. भंतेजी चीवर वर धरून जवळजवळ धावत होते. शिपायाने कागद पाहिला, घड्याळ पाहिले, आणि बाजूला झाला. धुरपतामाय बंडीच्या पुढे, रस्त्याच्या बरोबर मधोमध, निशाण सरळ. कोठी आली तेव्हा कोणी न सांगता सगळ्यांची चाल मंद झाली. घाई होती तरी झाली. मी मागून घड्याळ पाहत होते, आणि प्रथमच मला कोणाला 'चला, चला' म्हणावेसे वाटले नाही. चौक ओलांडून बंडीचे मागचे चाक बाजूच्या गल्लीत वळले तेव्हा अकराला तीन मिनिटे होती. मी ते लिहून ठेवले आहे.

खीर थोडी आंबली होती. आम्ही खाल्ली. साहेब बाराला आले, हार त्यांच्या हातात वाळून गेला होता. त्यांनी खिरीचा एक घास घेतला आणि खिरीला दर्जा नाही असे सांगितले.

चार दिवसांनी त्यांनी शिस्तभंगाबद्दल बैठक बोलावली. तिला फक्त मी गेले, कारण इतिवृत्त लिहायचे होते. त्यांनी सांगितले, 'प्रमुख पाहुणे अपरिहार्य कारणाने येऊ शकले नाहीत.' मी लिहिले. मिरवणूक मेन रोडवरून गेली हे त्यांनी सांगितले नाही. तेही मी लिहिले. पुढच्या वर्षी परवानगी एका खेपेत मिळाली. त्या वर्षी आणि त्यानंतर दरवर्षी साहेबांना पौर्णिमेच्या सकाळी नेमके काहीतरी काम निघे. ज्या मिरवणुकीसमोर ते एकदा नव्हते, तिच्या मागून चालणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. मूर्तीला पहिला हार आता मोहल्ल्यातले सर्वांत वयस्कर माणूस घाले. धुरपतामाय आणखी सहा पौर्णिमा त्या रस्त्याने गेली. साहेब सेवेतून निवृत्त झाले आणि मुलाकडे नागपूरला गेले. स्टेशनवर पोचवायला चार जण गेले होते. मी त्यांत नव्हते, शाळा होती.

त्यांना मी शेवटचे पाहिले ते नागपूरलाच. सुट्टीतल्या शिक्षकांच्या शिबिरासाठी गेले होते आणि पौर्णिमा आली. त्या शहराचा जुलूस मी पहिल्यांदा पाहिला. खोटे कशाला सांगू, साहेबांनी जे जे सांगितले होते ते सगळे होते. चौकाचौकात कमानी, पाण्याच्या टाक्या, चित्ररथ, माणसावर माणूस. एका कोपऱ्यावर, मुलाच्या खोलीच्या ओट्यावर, शेजाऱ्यांच्या घोळक्यात ते बसलेले दिसले. अंगात सदरा, वाळलेले. त्यांनी मला आधी ओळखले. शेजाऱ्यांपासून दूर, ओट्याच्या टोकाला नेले. धुरपतामाय गेल्याचे मी सांगितले. त्यांनी मान हलवली. मग गर्दीकडे बघतच विचारले,

"बाई, त्या दिवशी कोठीपुढून गेले ना तुमी... कसं होतं?"

"काय कसं?"

"म्हंजे, कोनी होतं का वट्यावर?"

मी नेहमीसारखे जे होते ते एकामागून एक सांगितले. ओसरीत म्हातारे मालगुजार खुर्चीवर होते, आम्हाला पाहून उठून आत गेले नाहीत, बसून राहिले. समोरच्या हलवायाने भट्टीवरची कढई उतरवली, रस्त्यात धूर नको म्हणून. कोठीच्या सज्ज्यातून एका लहान सुनेने खाली वाकून पाहिले आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. कोणी काही बोलले नाही. आमच्या बायांपैकी दोघी रडत होत्या, पण थांबल्या नाहीत.

"कढई उतरवली?" त्यांनी विचारले.

"हो."

"कोनत्या हातावर होतं दुकान? डाव्या का उजव्या?"

"उजव्या."

बरे म्हणून ते शेजाऱ्यांकडे गेले. जुलूस संपत आला होता. मी चप्पल घालून निघाले. ओट्याखालून जाताना त्यांचा आवाज ऐकू आला, पूर्वीइतकाच मोठा. "हे तं काहीच नाई. आमच्याकडं पहिल्यांदा कोठीपुढून मिरवणूक काढली ना, तवा मी बंडीच्या बाजूले होतो. उजव्या हातावर हलवाई. त्यानं काय केलं सांगू? भट्टीवरची कढई उतरवली..."

घोळका जुलूस सोडून त्यांच्याकडे वळला. कोणीतरी विचारले, "मंग?" साहेब सांगत गेले. सुनेचा पदर आला, खुर्चीवरचे म्हातारे आले. दोघी बाया रडत होत्या तिथे ते थांबले, आणि क्षणभर मला ते खरोखरच बंडीशेजारी चालताना दिसले.

मग मला फार राग आला, आणि मी माझ्या वेळेवर शिबिरात पोचले.